तासावरचा शिक्षक आणि संघाची पंगत

पंधरा-वीस मुलामुलींचा एखादा कबड्डीचा किंवा खो-खोचा संघ असतो. त्यांना शिकविण्यासाठी मंडळाने किंवा शाळेने एक तरुण शिक्षक तासाच्या दराने नेमलेला असतो. मैदानावर तो जितके तास उभा राहतो तितक्यांचे पैसे त्याला मिळतात, आणि त्याबद्दल सहसा तक्रार नसते. अडचण उत्पन्न होते ती मैदान सुटल्यावर. संघ जिंकला की जेवण होते, हंगाम संपला की सहल निघते, वर्षाअखेर स्नेहसंमेलन भरते, आणि अशा प्रत्येक प्रसंगी शिक्षकाने हजर असावे अशी मुलांची, पालकांची व चालकांची अपेक्षा असते. तो हजर राहतोही. परंतु हजेरीपटात त्या वेळेसाठी रकाना नसतो. हा वेळ त्याच्या कामाचा धरावा की आनंदाचा, आणि कामाचा धरल्यास त्याचा मेहनताना द्यावा काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

शहरातील श्रोत्यांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. आपली मुले पोहण्याच्या, फुटबॉलच्या, स्केटिंगच्या वर्गाला जातात, तेथील शिक्षक बहुधा तासावरच असतात, आणि वर्गाच्या वाढदिवसाला त्यांना बोलावणे जाते ते आपल्याच सहीने. तरीही मी विवेचनासाठी एक लहान गाव घेणार आहे. मोठ्या शहरात पैशाची रेलचेल असली म्हणजे असले प्रश्न झाकून राहतात; लहान गावात ते उघडे पडतात.

मोहाडी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव भंडाऱ्याहून तुमसरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. चौंडेश्वरी देवीच्या स्थानामुळे भाविकांना ते ठाऊक असते. तालुका मुख्यतः धानाचा. त्यातील आंधळगावचे नाव कोशाच्या कापडामुळे दूरवर गेले आहे, आणि वरठीला पोलादाचा कारखाना व भंडारा रोड हे रेल्वेस्थानक आहे. दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्ररात्र नाटके चालतात. आणि धान निघून माणसाला जरा उसंत मिळाली की कबड्डीच्या सामन्यांना रंग चढतो. खेळाचा हंगाम व गावाच्या उत्सवाचा हंगाम येथे एकच. त्यामुळे सामना कोठे संपला आणि पंगत कोठे सुरू झाली, हे सांगणे बाहेरच्या माणसाला अवघड जाते.

अशा गावी तासावर शिकविणारा माणूस कोण असतो? बहुधा शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला आणि कायम नेमणुकीची वाट पाहणारा तरुण. सकाळी एखाद्या शाळेत तासिका, सायंकाळी मंडळाचा संघ, मधल्या वेळात घरची शेती किंवा एखादे दुकान. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या विषयांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे सांगितले आहे. म्हणजे खेळाचा शिक्षक अपुऱ्या वेळेचा असणे हे आता कायद्यानेच गृहीत धरले आहे. त्याची मिळकत तासांच्या बेरजेवर अवलंबून असते. ज्या दिवशी तो संघाच्या सहलीला जातो, त्या दिवशी दुकान बंद राहते. त्या दिवसाचे नुकसान सोसून तो आलेला असतो, याचा विचार सहलीच्या वर्णनात कधी येत नाही.

पूर्वी हा प्रश्न का उद्भवला नाही, हेही पाहण्यासारखे आहे. आखाड्यातील वस्तादाला तासाचे मोल कधीच ठरलेले नव्हते. त्याच्या खुराकाची सोय गाव करी किंवा एखादा आश्रयदाता करी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना दिलेला आश्रय सर्वांना परिचित आहे. अमरावतीस १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि १९३६ मध्ये त्या मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ जगाला दाखविले. विदर्भातील क्रीडाशिक्षणावर अशा ध्येयवादी संस्थांची छाया आजही आहे. जेथे शिक्षकाचे सर्व जीवनच संस्थेत सामावलेले असते, आणि त्याच्या पोटाची काळजी संस्था किंवा समाज वाहतो, तेथे जेवणाच्या वेळेचा हिशेब मागणे विपरीत दिसेल. पण आपण आता काय केले आहे? जुन्या गुरूची निष्ठा अपेक्षिली आहे आणि पोटाची काळजी मात्र तासावर मोजून दिली आहे. या दोन्ही गोष्टी एकदम मागता येणार नाहीत.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधतो. तो शब्द म्हणजे 'मानधन'. मान आणि धन यांचा हा समास मोठा सोयीचा आहे. धन कमी पडले की उरलेली भर मानाने करता येते. ठरावीक मानधन घेणारा शिक्षक आणि तासाचा दर घेणारा शिक्षक यांच्यात मात्र मूलतः फरक आहे. मानधनात काम किती तासांचे याची मोजणीच नसते. त्यात सामने, प्रवास, सत्कार हे सारे पोटात येऊ शकते, आणि तसे आधी सांगितले असेल तर शिक्षकाला नंतर गाऱ्हाणे करण्यास जागा नाही. तासाचा दर ठरविला की स्वतः चालकांनीच घड्याळ हे माप म्हणून स्वीकारलेले असते. पावसामुळे मैदान बंद राहिले तर ते त्या तासाचे पैसे देत नाहीत. मग त्यांच्याच सांगण्यावरून सहलीत गेलेल्या तासांना ते माप लागू नाही, असे त्यांना कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

अमेरिकेतील एका खटल्यात हा भेद चांगला उमटला आहे. व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीच्या एका शाळेत एक गृहस्थ सुरक्षा-साहाय्यक म्हणून नोकरीस होते आणि त्याखेरीज शाळेच्या गोल्फ-संघाला शिकवीत. शिकविण्यात गेलेल्या तासांचे जादा वेतन मिळावे असा त्यांचा दावा होता. २०११ मध्ये तेथील अपील-न्यायालयाने तो मान्य केला नाही. संघाला शिकविण्याबद्दल त्यांना ठरावीक रक्कम मिळे, तास वाढले म्हणून ती वाढत नसे. शिवाय हे काम सोडले असते तरी मूळ नोकरीस धक्का लागला नसता. तेव्हा गोल्फपुरते ते स्वयंसेवक होत, असे न्यायालयाने ठरविले. हा निकाल शिक्षकाच्या विरुद्ध गेला, तरी त्यातील कारणे उलट बाजूने वाचली म्हणजे तासावरच्या शिक्षकाला ती उपयोगी पडतात. त्याची रक्कम तासाबरोबर वाढते, आणि त्याला दुसरी नोकरी सुरक्षित नसते.

आपल्या देशातील कायद्याची स्थिती चमत्कारिक आहे. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असे ठरविले की, औद्योगिक कलहाच्या कायद्यात ज्याला 'कामगार' म्हटले आहे त्यात शिक्षक येत नाही. १९९६ मध्ये हरियाणातील खासगी शाळांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने शिक्षकांना १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली आणता येणार नाही, असे म्हटले. आणि १९९७ मध्ये आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण संचालकाविषयी निर्णय झाला, की तो खेळांचे नियम व कौशल्ये शिकवितो, तेव्हा तोही शिक्षकच होय. या शेवटच्या प्रकरणात शिक्षक ठरण्याने त्या गृहस्थांचा लाभच झाला, कारण शिक्षकांचे निवृत्तीचे वय अधिक होते. पण तीनही निर्णय शेजारी ठेवून पाहा. खेळ शिकविणाऱ्याला शिक्षकाचा मान मिळाला, आणि ज्या कायद्यांनी हमालाच्या व यंत्रचालकाच्या तासांना आधार दिला त्यांच्या कक्षेबाहेर जाण्याची पाळीही त्याच मानाने त्याच्यावर आली. प्रत्येक निर्णय त्या-त्या कायद्याच्या शब्दांवर झालेला आहे, हे खरे. परिणाम मात्र असा झाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता अंमलात आली आणि जुना किमान वेतन कायदा तीत विलीन झाला. नव्या संहितेतील 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या पूर्वीपेक्षा रुंद आहे; तांत्रिक, देखरेखीचे, व्यवस्थापनाचे अशी अनेक प्रकारची कामे तीत येतात. शिक्षकाचे नाव तीत स्वतंत्रपणे घेतलेले नाही. म्हणून मोहाडीच्या एखाद्या शिक्षकाने पंगतीच्या तासांसाठी थेट कायद्याचे पुस्तक उघडावे, असा सल्ला मी देणार नाही. या गोष्टी करारपत्राने आणि समजुतीने ठरावयाच्या आहेत. समजूत मात्र योग्य तत्त्वावर झाली पाहिजे, आणि ते तत्त्व शोधण्यास इतर देशांतील अनुभव उपयोगी पडतो.

१९४४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे शिकागोच्या एका साबण-कारखान्यातील अग्निशामकांचा दावा आला. आपली नेहमीची पाळी झाल्यावर हे लोक रात्री कारखान्यातच राहत. आग लागलीच तर धावून जावयाचे. एरवी झोपावे, पत्ते खेळावे, रेडिओ ऐकावा. मालकांचे म्हणणे असे की, ही मंडळी मौज करीत होती, तिचे वेतन कसले? न्यायालयाने ते मानले नाही. मनुष्य आपला वेळ धन्याच्या गरजेसाठी बांधून ठेवतो तेव्हा वाट पाहणे हेसुद्धा काम असू शकते, मग हातात पत्ते का असेनात. उलट २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, अपंगांच्या घरी रात्री झोपण्यासाठी जाणाऱ्या परिचारकांविषयी निराळा निर्णय दिला. ते कामासाठी जागे असतील तेवढ्याच वेळेला किमान वेतन लागू होईल, झोपेच्या वेळेला नाही, असे तेथे ठरले. हे दोन निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते जुळविण्याचा खटाटोप मी करीत नाही. दोन्हींत 'त्याला आनंद झाला काय' हा प्रश्न निर्णायक धरलेला नाही, एवढे आपल्यापुरते पुरे आहे. वेळ कोणाच्या ताब्यात होता आणि त्याच्या अंगावर कोणती जबाबदारी होती, याचा शोध घेतला गेला.

अमेरिकेच्या कामगार खात्याच्या नियमांत सभा, व्याख्याने व प्रशिक्षण यांविषयी एक कसोटी दिलेली आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते. असा कार्यक्रम कामाच्या वेळेबाहेर असावा, उपस्थिती खरोखर ऐच्छिक असावी, विषय नोकरीशी थेट संबंध नसलेला असावा, आणि त्या वेळात कोणतेही काम करून घेतलेले नसावे. या सर्व गोष्टी असतील तरच तो वेळ कामाचा धरला जात नाही. यातील ऐच्छिकतेचा खुलासा मुद्दाम ऐकण्याजोगा आहे. न गेल्यास आपल्या नोकरीला बाध येईल अशी समजूत माणसाची करून दिली गेली असेल, तर त्याचे जाणे ऐच्छिक नव्हे. आपल्याकडे ही समजूत शब्दांनी करून द्यावी लागत नाही. "सर, तुम्ही नसलात तर मुलांचा हिरमोड होईल हो," एवढे अध्यक्षांनी म्हटले की पुढील वर्षीच्या नेमणुकीची आठवण शिक्षकाला आपोआप होते.

आता सहलीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी सात वाजता बसजवळ मुलांची मोजदाद कोण करतो? पाण्याच्या काठावर कोण उभा राहतो? जेवताना एका मुलाला भोवळ आली तर त्याच्या घरी दूरध्वनी कोण करतो, आणि रात्री आठ वाजता शेवटचा पालक येईपर्यंत शाळेच्या फाटकाशी कोण थांबतो? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रकिनारी पुण्याहून सहलीस आलेले अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले; त्यानंतर सहलीतील शिक्षकांच्या जबाबदारीचा प्रश्न सर्वत्र चर्चिला गेला. मैदानावर मुले डोळ्यांसमोर एका चौकटीत असतात. सहलीत ती चौकट नसते, आणि मोहाडी तालुक्यातील मुलांच्या सहलीच्या वाटेवर वैनगंगा व तलाव असतातच. शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर कसरतीच्या तासापेक्षा सहलीचा तास अधिक अवघड आहे.

हिशेबापुरते धरून चालू, की शिक्षकाचा दर तासाला २०० रुपये आहे आणि तो आठवड्यातून चार दिवस दीड तास शिकवितो. म्हणजे आठवड्याचे सहा तास व १,२०० रुपये. सकाळी सात ते रात्री आठ ही एकच सहल तेरा तासांची झाली. दोन आठवड्यांच्या कामाहूनही ती मोठी आहे. पूर्ण दराने तिचे २,६०० रुपये होतात. संघात वीस मुले असतील तर प्रत्येकामागे १३० रुपये. ही रक्कम मोहाडीच्या सगळ्याच घरांना क्षुल्लक वाटेल असे मी म्हणत नाही; शेतमजुराच्या घरी ती मोजून द्यावी लागते. पण चालक ज्या सहजतेने ती शिक्षकाकडून वसूल करतात, त्या सहजतेने ती वीस घरांकडे का मागू नये, याचे उत्तर मला सापडत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा, की प्रेमाच्या प्रसंगाला मोल लावल्याने गुरुशिष्यांच्या नात्याला बाजाराची कळा येईल. आक्षेप मनापासून घेतलेला असतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. त्याच स्नेहसंमेलनात मांडववाल्याला पैसे मिळतात, ध्वनिवर्धकवाल्याला मिळतात, छायाचित्रकाराला मिळतात, आणि वरण-भात व आलू-वांग्याची भाजी करणाऱ्या आचाऱ्यालाही मिळतात. आचाऱ्याने पैसे घेतले म्हणून त्या भाजीतील आपुलकी कमी झाल्याचे कोणी म्हणत नाही. साऱ्या मांडवात एकट्या शिक्षकाच्याच प्रेमाची परीक्षा फुकट राबण्याने घ्यावी, हा न्याय विचित्र खरा. शिवाय ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकारातून स्नेह किती मोजावा, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आपल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केलेली आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत क्रीडागारे बांधणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या अनुच्छेदाचा अर्थ विस्तृत केला. पोटाच्या गरजेने माणूस किमान वेतनापेक्षा कमी घेऊन राबतो, तेव्हा तेही सक्तीचेच श्रम होत, असे सांगितले. संघाच्या पंगतीला कोणी बिगार म्हणावे असे मी मुळीच सुचवीत नाही. तसे म्हणणे हास्यास्पद होईल. पण सक्तीला नेहमी चाबूक लागत नाही, गरज पुरते, ही त्या निर्णयातील दृष्टी लहान प्रसंगीही उपयोगी आहे. जुन्या मालगुजारी मुलुखातील वृद्धांना ती नव्याने समजावून सांगावी लागणार नाही.

मुलींच्या संघाची शिक्षिका असेल तर प्रश्न आणखी एका बाजूने जड होतो. मुलींबरोबर बाई असलीच पाहिजे, हा आग्रह योग्यच आहे. परिणाम असा की पुरुष शिक्षकाला एखादी सहल टाळता येते, तिला एकही टाळता येत नाही. रात्री उशिरापर्यंतचा कार्यक्रम असला की स्वतःच्या मुलाला कोणाकडे तरी ठेवून ती दुसऱ्यांच्या मुली सांभाळते. तिच्या उपस्थितीला 'ऐच्छिक' म्हणणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग आहे. माझ्या मते अशा शिक्षिकेला पूर्ण दराने तास मिळाले पाहिजेत, आणि घरी परतण्याच्या वाहनाचा खर्च त्यावर वेगळा.

याचा अर्थ प्रत्येक घासाचा हिशेब ठेवावा असा नव्हे. एखाद्या पालकाने विजयानंतर घरी जेवायला बोलावले, शिक्षक सपत्नीक गेला, हवे तेव्हा उठून आला. तेथे पैशाची गोष्ट काढणे हा यजमानाचा अपमान होय आणि शिक्षकाचाही. मधला वर्ग अवघड आहे. सत्कारसमारंभात शिक्षक एक तास व्यासपीठावर बसतो, मग मुले पालकांच्या हवाली होतात आणि तो मोकळा होतो. येथे मी पहिल्या तासाचे पैसे द्यावे, पुढच्या वेळेचे देऊ नयेत, या मताचा आहे. बसच्या प्रवासाचे मात्र दोन्ही वेळचे तास मोजावेत. मुले बरोबर असताना शिक्षक प्रवासी नसतो.

चालकांना खरोखरच पैसे नसतील तर दुसरा मार्ग मोकळा आहे, आणि तोही प्रामाणिक आहे. शिक्षकाला पाहुणा म्हणून बोलवावे आणि पाहुण्यासारखेच वागवावे. मुलांची गणती, औषधाची पेटी, फाटकावरचा पहारा हे सारे दोन-तीन पालकांनी नावानिशी आपल्याकडे घ्यावे. तो आला नाही तर 'का आला नाहीत' असे कोणी विचारू नये. मात्र असे ठरवून दुपारी त्याच्या हाती शिट्टी देऊ नये. शिट्टी हाती आली की तास सुरू झाला.

तिसरा उपाय ठरावीक रकमेचा. हंगामात तीन सामाजिक प्रसंग असतील, त्यांपैकी सहल एक आणि समारंभ दोन, त्यांबद्दल अमुक रक्कम, आणि त्याहून अधिक बोलाविल्यास तासाचा दर, अशा चार ओळी नेमणुकीच्या पत्रात लिहिल्या की दोन्ही बाजूंना आपला खर्च आधी कळतो. मोहाडीसारख्या ठिकाणी मला हाच मार्ग अधिक पसंत आहे. तेथे चालक, पालक आणि शिक्षक रोज एकाच चौकात भेटतात, आणि प्रत्येक प्रसंगानंतर तास मागण्याचा संकोच तरुण माणसाला होणारच. रक्कम उभी करण्यासाठी वर्गणी वाढविणे हाच एक मार्ग आहे असेही नाही. समारंभांतून वाटल्या जाणाऱ्या ढालींची व स्मृतिचिन्हांची उंची अलीकडे वर्षागणिक वाढते आहे. ती चार बोटांनी कमी केली तरी खेळाडूंच्या पराक्रमात उणेपणा येणार नाही. सामन्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, तेव्हा हे पत्र दसऱ्याच्या सुमारास शिक्षकाच्या हाती पडावे. मंडईच्या गर्दीत ते लिहावयास कोणालाही सवड होत नाही.